चावीवाल्याची हिरा

खंडाळ्याच्या रेल्वे चाळीत हिरा पडवळइतकी विसराळू पोर दुसरी नव्हती. मिठाला पाठवलं तर काडेपेटी घेऊन यायची, आणि काडेपेटी कुणी सांगितली होती असं विचारलं तर तेही तिला आठवायचं नाही. आमची खोली त्यांच्या खोलीला लागून. माझा बाप स्टेशनावर रुळांचे सांधे बदलणारा सांधेवाला, तिचा बाप, रखमाजीआबा, रुळांवर चावीवाला. मी सरू, तिच्याहून दोन वर्षांनी मोठी, सातवी झाल्यावर शाळा सुटलेली. तेव्हा तिचं उगाच कौतुक करायला मला काही कारण नाही. पण आता लोक तिच्याबद्दल काहीबाही सांगतात, देवानं डोकंच तसं दिलं होतं म्हणतात, ते ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. देवानं दिलेलं डोकं मी रोज जवळून बघत होते. त्यात काही राहत नसे.

रखमाजीआबांचं काम कळल्याशिवाय हिराची गोष्ट कळायची नाही, म्हणून आधी ते सांगते. रूळ जमिनीवर नुसता ठेवलेला नसतो. खाली लोखंडी प्लेटी असतात आणि रूळ त्यांत घट्ट बसावा म्हणून पाचरीसारखे लोखंडी तुकडे ठोकलेले असतात. त्यांना रेल्वेत चाव्या म्हणतात. गाडी धडधडत वरून गेली की चाव्या हलतात, ढिल्या होतात. त्यात आमचा घाट, म्हणजे चढ, वळणं आणि मागून ढकलणारी इंजिनं, मग तर विचारूच नका. चावीवाल्यानं रोज सकाळी लांब दांड्याचा हातोडा खांद्यावर टाकायचा आणि आपल्या हद्दीतला सगळा मार्ग चालायचा. ढिली चावी दिसली की ठोकायची. जाताना एका रुळाकडे बघत जायचं, येताना दुसऱ्या. दुसऱ्या दिवशी परत पहिल्यापासून. आबांनी उभा जन्म हेच केलं, धुक्यात केलं, अंगात ताप असताना केलं. त्यांना कुणी कधी शाबासकी दिली नाही, कारण काही वाईट घडलं नाही याबद्दल जगात कुणी कुणाला शाबासकी देत नाही.

हिरा लोणावळ्याच्या शाळेत जायची. वर्गात शिकवलेलं तिला कळायचं, मान डोलवायची, दुसऱ्या दिवशी विचारलं की गप्प. मास्तर म्हणायचे, हिच्या डोक्याला गळती लागली आहे. पोरं हसायची. ती पण हसायची, आणि घरी येऊन मोरीत तोंड धुण्याच्या निमित्तानं रडायची. मोरीची भिंत आमची एकच होती, त्यामुळे मला ऐकू यायचं.

मॅट्रिकच्या वर्षी, थंडीच्या दिवसांत, एका सकाळी आम्ही दोघी आबांची भाकरी घेऊन रुळाच्या कडेनं चाललो होतो. आदल्या दिवशी तिनं रसायनाचा आख्खा धडा पाठ केला होता आणि सकाळी उठून बघते तर निम्मा उडालेला. बोगद्याच्या अलीकडे आबा भेटले. हिरानं भाकरीचं फडकं त्यांच्या हातात दिलं आणि एकदम म्हणाली, “आबा, माझी शाळा बंद करा. काल केल्यालं आज ऱ्हात न्हाई. माझं डोस्कंच खराब हाय.”

आबा तसे कमी बोलणारे. पायाशी एक चावी ढिली होती, ती त्यांनी दोन घाव घालून बसवली. मग म्हणाले, “ही काल मी ठोकली व्हती. आज ढिली. मंग काय रूळ खराब झाला म्हनायचा का? वरनं गाडी गेली म्हून ढिली झाली. उद्या परत व्हईल. आपुन परत यायचं.”

आबा खाली बसून भाकरी सोडायला लागले. सोडता सोडता त्यांनी आणखी एक सांगितलं, “फकस्त एक ध्यानात ठेव. ढिली चावी मागं ठिवून फुडं पाऊल टाकायचं न्हाई.” हे दुसरं बोलणं पुढे तिला फार महागात पडलं, पण ते नंतर.

त्या दिवसापासून हिराला विसरण्याची लाज वाटेनाशी झाली. इतका साधा फरक, पण मी तो डोळ्यांनी पाहिला. आधी विसरली की रडायची. आता विसरली की म्हणायची, गाडी गेली वाटतं वरनं, आणि पुस्तक उघडायची. आज वाचलेलं उद्या परत, उद्याचं आणि आजचं मिळून परवा परत, असं तिनं सुरू केलं. रोज मागच्या सगळ्यातून एक फेरी मारल्याशिवाय नवीन पानाला हात लावायचा नाही. एकदा पहिल्या धड्याकडून शेवटच्याकडे, पुढच्या वेळी शेवटच्याकडून पहिल्याकडे. जाताना एक रूळ, येताना दुसरा.

धडे वाढत गेले तसं सगळं रोज वाचणं अशक्य झालं. तेव्हा तिच्या लक्षात आलं की आबा तरी प्रत्येक चावी कुठे ठोकतात? घट्ट चावीला हातोडा नुसता टेकवला तरी ती खणखणीत वाजते, ढिली बद्द वाजते. मग तिनं पुस्तक मिटून स्वतःला विचारायला सुरुवात केली. उत्तर चटकन आलं तर पुढे. अडखळली तर तिथं थांबून घाव घालायचे. वळणावरच्या चाव्या जास्त सुटतात, तसे काही धडे तिला जास्त सुटायचे. त्यांना ती वळणं म्हणायची आणि ती वळणं रोजच्या रोज व्हायची.

यात माझं काम असं की ती पुस्तक माझ्या हातात द्यायची आणि मी विचारायचं. कॉलेजात गेल्यावर तर पुस्तकं सगळी इंग्रजी. मला इंग्रजी अक्षरं लागायची, अर्थ ओ की ठो कळायचा नाही. तरी मी तिची परीक्षा घ्यायचे, कारण अडखळणं कुठल्याही भाषेत कळतं. आवाज जरा खाली गेला, डोळे छपराकडे गेले की मी म्हणायचे, बद्द वाजली गं, परत. आम्ही हे तांदूळ निवडताना केलं, करवंदं तोडताना केलं, पाण्याच्या नळावर रांगेत उभ्या असताना केलं. अजून मला क्लॅव्हिकल, स्कॅप्युला, ह्यूमरस सगळं ओळीनं येतं. ती हाडं अंगात कुठे असतात ते मात्र विचारू नका.

तिची आई, धोंडामावशी, बंगल्यांवर भांडी घासायला जायची. तिला हे सगळं डोकेदुखी वाटायचं. भाकरी थापताना पण पोरगी पुटपुटते, पिठाला तरी सोड म्हणायची. पण पुटपुटणं थांबलं की मावशी परातीवरून मान वर करून बघायची. हे माझ्या लक्षात होतं, तेव्हा त्याचा अर्थ कळला नव्हता.

डॉक्टर व्हायचं हे हिरानं मॅट्रिकचा निकाल लागला त्याच आठवड्यात सांगून टाकलं. कारण विचाराल तर काही नाही. घरात कुणी औषधावाचून मेलं नव्हतं, कुणाला वचन दिलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाली, मला व्हायचंय म्हणून. पोरग्यांना कुणी कारण विचारत नाही, मग मला का? मला तेवढं पुरलं. ती रेल्वेच्या पासावर सकाळच्या गाडीनं पुण्याला कॉलेजला जाऊ लागली, संध्याकाळच्या गाडीनं परत. पुण्यात लष्कराचं डॉक्टरी कॉलेज होतं, तिथं जायला देशभरातल्या मुलांबरोबर प्रवेश परीक्षेला बसावं लागे. शिकवण्याचा खर्च लष्करच करायचं, म्हणून आमच्यासारख्यांना झेपेल असा तो एकच रस्ता होता, आणि त्यात मुलींना जागा अगदी मोजक्या.

मग शहाणपण शिकवणारे उगवले. मावशी जिथे कामाला जायची त्या बंगल्यातले पाहुणे म्हणाले, नर्सिंगला घाला, चांगली लाईन आहे. नर्सचं काम काही हलकं नाही, पण पोरीला व्हायचंय काय आणि हे सांगतात काय. कॉलेजातल्या एका सरांनी तिला वर्गात ऐकवलं की घोकंपट्टी करून डॉक्टर होता येत नाही, समज असावी लागते. हिरा घरी येऊन मला म्हणाली, “समज येती गं मला. पर ती पाहुनी हाय. रोज बोलावनं धाडलं तरच ऱ्हाती.” सरांना मात्र ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सरांच्याच विषयाची फेरी तिनं गाडीत उभ्यानं पुरी केली.

कॉलेजची दोन वर्षं झाल्यावर, सदुसष्ट साली, ती त्या परीक्षेला पहिल्यांदा बसली. तयारी अशी होती की मी तिला अडवायचं म्हटलं तरी अडवू शकत नव्हते. कुठूनही विचारा, खणखणीत. आबा तिला पुण्याला घेऊन गेले, बाहेर झाडाखाली बसून राहिले. संध्याकाळी दोघं परतली तेव्हा तिच्या तोंडाकडे बघूनच मावशीनं चहा टाकला आणि काही विचारलं नाही. निकाल आला. नाव नव्हतं.

चाळीत सगळ्यांनी ठरवून टाकलं की पोर ऐन वेळी विसरली. विसराळूच ती, दुसरं काय होणार. आबांचे थोरले भाऊ हौशीरामतात्या गावाहून आले आणि ओट्यावर बसून म्हणाले, झालं ते बरं झालं, एकदाचा नाद सुटला. तात्या माणूस वाईट नव्हता. भावाच्या पोरीचं भलं व्हावं असंच त्याला वाटे, फक्त भलं म्हणजे काय ते त्याचं आधीच ठरलेलं असायचं. त्यानं तळेगावकडच्या नवलाख उंबरे गावचं एक स्थळ आणलं होतं. मुलगा बजरंग, घरची भातखाचरं, शिवाय देहूरोडला लष्कराच्या डेपोत नोकरी. बजरंग चांगलाच होता, हेही सांगते. पुढे त्यानं दुसऱ्या मुलीशी सुखाचा संसार केला. पण चांगलं स्थळ आलं म्हणून काय माणसानं आपलं सगळं सोडून द्यायचं?

हिरा कुणाशी बोलेना. पुस्तकं फडताळात गेली. मी रागावले, चिडवलं, काही उपयोग नाही. शेवटी श्रावणात एक दिवस आबाच तिला म्हणाले, चल माझ्याबरोबर, आणि मीही मागं निघाले. घाटात धुकं इतकं की चार हातांवरचं दिसत नव्हतं. आबा चालत होते, हातोडा टेकवत होते. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, “इसरलीस का?”

“न्हाई आबा. काय सुदीक इसरले न्हाई.”

मग तिनं सांगितलं. तिसरंच गणित तिला सुटेना. प्रकाशाचं काहीतरी होतं. तिनं एका वाटेनं करून पाहिलं, दुसऱ्या वाटेनं पाहिलं, परत पहिल्या वाटेनं. पुढे पानं भरून प्रश्न होते, पण हे मागं ठेवून पुढे जायचं तिच्या मनातच येईना. घंटा झाली तेव्हा ती तिथंच उभी होती. बाहेर येऊन बाकीच्या मुलांच्या तोंडून तिनं पुढचे प्रश्न ऐकले. ते सगळे तिला येत होते.

आबा थांबले. त्यांना राग आलेला मी त्या एकदाच पाहिला. “तितंच उबी ऱ्हायलीस? कुनी सांगितलं तुला?”

“तुमीच.”

हे ऐकल्यावर ते रुळाशेजारी खडीवर मटकन बसले. हातोडा आडवा मांडीवर घेतला. मी म्हटलं आता हे तिला बोलणार, पण ते स्वतःवरच चिडले होते. “आगं, ढिली चावी मागं ठिवू नगं म्हनलोतो. समदंच ढिलं नसतंय. कवातरी खालची प्लेटच फुटल्याली असती. मंग वरनं कितीबी हान, चावी बसत न्हाई. ते एकल्याचं काम न्हवं. तितं खडूनं खूण करायची आन् फुडं जायचं. फिरून येताना मुकादमाला सांगून गँगची चार मानसं घिऊन यायचं. मी तितंच ठोकत बसलो तर फुडच्या ढिल्या चाव्या कोन बगनार? गाडी काय माज्यासाठी थांबत न्हाई.”

लहानपणापासून ती बापामागं चालली होती, पण प्लेट फुटलेली तिनं कधी पाहिलीच नव्हती. ते क्वचित व्हायचं. ढिली आणि फुटलेली यांतला फरक तिला कुणी सांगितला नव्हता, कारण बापाला तो सांगण्यासारखा वाटतच नव्हता. दुसऱ्या कुठल्या पोरीनं न येणारा प्रश्न सोडून दिला असता आणि त्याबद्दल वाईटही वाटून घेतलं नसतं. चावीवाल्याची पोरच अशी उभी राहायची. हिरा धुक्यात उभी राहून आधी हसली आणि मग तिला जे रडू फुटलं ते थांबेना. मलाही आवरलं नाही. आबा मात्र उठले, कारण हद्द अजून निम्मी राहिली होती.

घरी परतल्यावर ती सरळ तात्यांसमोर गेली. तात्या मुक्कामाला होते. म्हणाली, मी परत बसनार हाय. तात्यांनी आबांकडे पाहिलं. आबा म्हणाले, एक वर्स जाऊ दे दादा. मोठ्या भावासमोर आबा एवढं बोलले हेच फार झालं. तात्यांनी नवलाख उंबऱ्याला निरोप दिला की मुलगी अजून लहान आहे.

मग आमचं सगळं पुन्हा सुरू झालं. फेऱ्या त्याच, जाताना एक आणि येताना दुसरी, पण आता एक नवं काम वाढलं. तिला अजिबात न येणाऱ्या प्रश्नांवर ती स्वतःच पेन्सिलीनं फुली करून ठेवी आणि मी सोप्या प्रश्नांच्या मध्ये अचानक त्यातला एक घुसडी. तिनं फक्त ‘खूण’ म्हणायचं आणि पुढच्यावर यायचं. तुम्हाला वाटेल यात काय अवघड. पहिले काही आठवडे ती कपाळाला आठ्या घालून तिथंच रुतून बसायची आणि मी उलथन्यानं तिच्या हातावर मारायचे. विसरायचं कसं नाही हे ती एका हिवाळ्यात शिकली होती. सोडून पुढे जायचं कसं, याला तिला वर्ष लागलं. फुल्या केलेले प्रश्न ती शनिवारी कॉलेजात कुणाकुणाला गाठून विचारून यायची. घोकंपट्टीवाल्या सरांनाही विचारलं. त्यांनी समजावून दिलं, हे त्यांच्या नावावर जमा करायला हवं.

दुसऱ्या वर्षी ती लेखी परीक्षा पास झाली. मुलाखतीचं बोलावणं आलं. पुण्याला मोठ्या टेबलामागं लष्करातले डॉक्टर बसले होते. त्यांनी विचारलं, मागच्या वर्षी तू नापास झालीस, मग पहिल्याच फेरीत पास झालेल्यांना सोडून तुला का घ्यावं? हिरानं इंग्रजीत जे सांगितलं ते तिनं मला घरी मराठीत सांगितलं. ती म्हणाली होती, मला एकदा सांगितलेलं लक्षात राहत नाही, म्हणून मी एकदाच वाचलेल्या गोष्टीवर कधी विश्वास ठेवत नाही. एक जण हसले. एकानं काहीतरी लिहून घेतलं. चांगलं लिहिलं की वाईट ते कळायला मार्ग नव्हता.

निकाल यायचा होता आणि आखाड तोंडावर आला होता. आखाडात आमच्याकडे लग्नाची बोलणी करत नाहीत. नवलाख उंबऱ्याच्या माणसांनी तात्यांकरवी निरोप धाडला की आता आणखी थांबणार नाही, आखाड लागायच्या आत सुपारी फोडायची तर फोडा. एकदा सुपारी फुटली की लग्न ठरलं, मग मागं फिरणं नाही. तात्या त्यांना घेऊनच आले. ओट्यावर घोंगडं टाकलं. बजरंगचे चुलते, दोन पाव्हणे, तात्या, आणि कोपऱ्यात आबा मान खाली घालून. मी आणि हिरा आत चुलीपाशी. मावशी उंबऱ्यात, चहाची किटली हातात.

आबांनी बळ करून म्हटलं की पोरीचा निकाल एवढा येऊ द्या. त्यावर बजरंगचे चुलते अगदी समजुतीच्या सुरात बोलले. त्यांचा तो सूर मला अजून ऐकू येतो. “निकाल कशाला बघताय पाव्हनं? पास झाली तर पोरगी तुमच्या हातात ऱ्हायची न्हाई. नापास झाली तर दोन डाव नापास झाल्याली पोर कोन पदरात घेनार? आज सुपारी फोडा, आमी नापास-बिपास काय बगनार न्हाई. आमी मन मोटं करतो.”

तात्यांनी मान हलवली. त्यांना ते बोलणं पटलं होतं. खरं सांगायचं तर क्षणभर मलाही पटलं. मी हिराकडे बघितलं. ती उठली. पदर खोचून ती दाराकडे निघाली तोच मावशीनं किटली खाली ठेवली.

धोंडामावशी चारचौघांत कधी बोलत नसे. दिवसभर दुसऱ्यांची भांडी घासून आलेली बाई घरात दमूनच असायची. ती ओट्यावर गेली आणि बजरंगच्या चुलत्यांसमोर उभी राहिली.

“माझी पोर नापास झाली तर परत बसंल,” ती म्हणाली. “आन् परत झाली तर परत बसंल. तुमी काय मन मोटं करताय तिच्यासाठी? तिनं काय चोरी केलीया? निकाल काय लागायचा त्यो लागू द्या, पर तुमच्या मेहरबानीवर मी पोरगी देनार न्हाई.”

तात्या उठले, अगं धोंडा, अगं धोंडा करायला लागले. मावशीनं त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही, ती आबांकडे बघत होती. आबा सावकाश उठले. घोंगड्यावर ठेवलेली सुपारी त्यांनी उचलली, पाव्हण्यांच्या हातात परत दिली आणि हात जोडले. भावाकडे बघून एवढंच म्हणाले, “दादा, माफी करा.” पाव्हणे उठले. चहा न पिता गेले. तात्याही त्यांच्याबरोबर गेले, घुश्श्यात, छत्री विसरून.

हे निकालाच्या आधी झालं, हे लोक सांगताना गाळतात. पोर पास झाली म्हणून आईबापानं स्थळ मोडलं असं सांगतात. छे! पोर पास होईल की नाही हे त्या ओट्यावर कुणालाच ठाऊक नव्हतं. मावशीला तर नाहीच. ती आत आल्यावर हिरा तिच्या गळ्यात पडली तर मावशीनं तिला ढकललं आणि म्हणाली, बस जा वाचायला.

निकाल आखाडाच्या पहिल्या आठवड्यात आला. पोस्टमन भिजत आला. हिराची निवड झाली होती. चाळीत एकच गलका झाला. माझ्या बापानं स्टेशनावर जाऊन सगळ्यांना सांगितलं. आबा कामावर होते, त्यांना मी धावत जाऊन सांगितलं. ते ओलेचिंब उभे होते, हातोडा खाली ठेवून त्यांनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं. पावसाचं पाणी होतं की आणखी काही, मी बघितलं नाही. मला त्यांना मिठी मारावीशी वाटली आणि मी मारली.

दोन दिवसांनी सकाळीच तात्या आले. गावभर सांगून आले होते आणि तळेगावहून पेढ्यांचा पुडा आणला होता. राग पार विसरले होते. दारातूनच हाका मारत आत आले आणि थबकले. हिरा चुलीजवळच्या पाटावर बसली होती, मांडीवर तेच जुनं हाडांचं पुस्तक, आणि समोर मी, विचारायला. मावशी भाकरी थापत होती.

तात्या हसायला लागले. म्हणाले, “आगं येडे, पास झालीस न्हवं? सपलं की आता. आता कशाला घोकतीस?”

हिरानं पुस्तकातलं बोट काढलं नाही. शांतपणे म्हणाली, “तात्या, आतापत्तूर चुकले तर मी नापास व्हत व्हते. हितनं फुडं चुकले तर मानूस मरंल.”

तात्यांच्या तोंडावरचं हसू गेलं. पुडा हातात धरूनच ते दाराकडे वळले. मग त्यांनी चपला बाहेर काढल्या, आवाज न करता भिंतीला टेकून खाली बसले आणि मला म्हणाले, “तू विचार गं सरू. मी गप बसतो.”